वाघ दिसला का?

मागच्या वर्षी फेब्रुवारीत माझ्या नणंदेचा मुलगा आणि सून अमेरिकेतून कॅरिबियन समुद्रातल्या अँग्विला नावाच्या बेटावर जाऊन आठ दिवस राहून आले. जून ते नोव्हेंबर तिकडे चक्रीवादळांचा काळ, म्हणून लोक हिवाळ्यात जातात. बेट केवढं, तर ९१ चौरस किलोमीटर. वस्ती साधारण पंधरा हजार. पांढरी वाळू, एक खुर्ची, एक पुस्तक, असे चार फोटो त्यांनी घरच्या ग्रुपवर टाकले आणि पुढे काहीच नाही. आमच्या ग्रुपला हे सहन होईना. "आज काय पाहिलं?" असं रोज कोणीतरी विचारायचं. शेवटी त्याने लिहिलं, "मामी, इथे पाहण्यासारखं फारसं काही नाही. म्हणूनच तर आलो."

मग काय, सगळे तुटून पडले. दीर म्हणाले, एवढ्या पैशात युरोपचे सात देश झाले असते. धाकटी जाऊ म्हणाली, आराम करायला समुद्र कशाला ओलांडायचा, घरी पलंग नाही का? मला त्या पोराचं पूर्ण पटलं आणि जाऊचं अर्धं. समुद्र ओलांडायची गरज नाही, हे अगदी खरं. पण घरच्या पलंगावर आराम होतो, हे पुरुषाने म्हणावं. जिच्या पलंगापासून स्वयंपाकाचा ओटा बारा पावलांवर आहे, त्या बाईने म्हणू नये.

तर हे सगळे हसणारे लोक मे महिन्यात ताडोब्याला गेले. मीही गेले. अकरा माणसं, दोन रात्री, चार सफारी. दिरांनी ग्रुपवर नाव दिलं, 'आरामाची सहल'. आज मला त्या नावाशी भांडायचं आहे. यंदाच्या मे महिन्याचं बुकिंग सुरू होण्याआधी भांडलेलं बरं, म्हणून आत्ताच लिहिते आहे.

आम्ही चंद्रपूरकर. ताडोबा आमच्यासाठी परसदार. १९५५ मध्ये राष्ट्रीय उद्यान झालं, महाराष्ट्रातलं पहिलं. १९८६ ला शेजारी अंधारी अभयारण्य आणि १९९५ ला दोन्ही मिळून व्याघ्र प्रकल्प. त्याचा गाभा, ज्याला सगळे 'कोर' म्हणतात, तो सव्वासहाशे चौरस किलोमीटर. मी हिशेब केला (१९८२ ची बी.कॉम. आहे, सवय जात नाही). भाच्याची सहा बेटं आपल्या कोरमध्ये मावतील आणि वर थोडी जागा उरेल. बफर तर वेगळाच. इतकं मोठं निवांतपण आपल्या दाराशी आहे, आणि तिथे जाऊन आपण काय करतो?

वेळापत्रक सांगते. शुक्रवारी दुपारी पोचलो, सामान टाकलं, की जिप्सीत. संध्याकाळी अंधार पडताना परत. शनिवारी पहाटे चारला उठणं, कारण गेटवर रांग. दहाला परत, अंघोळी, जेवण, तासभर डोळा लागतो न लागतो तोच पुन्हा जिप्सी. रविवारी पुन्हा पहाटे चार. घरी मी साडेपाचला उठते. म्हणजे आराम करायला गेले ती रोजच्यापेक्षा दीड तास आधी उठले.

जेवणाचं तर विचारूच नका. आचाऱ्याला आधी कळवलं होतं, कांदा-लसूण-बटाटा नको. त्याने बिचाऱ्याने मनापासून वेगळं केलं, त्याची काही तक्रार नाही. पण आमच्यातल्या तिघी सूर्यास्तानंतर जेवत नाहीत. संध्याकाळची सफारी परत येईपर्यंत सूर्य मावळलेला. सकाळची सफारी सूर्य उगवायच्या आत निघणार. मग दुपारी एकला जेवलेली बाई दुसऱ्या दिवशी दहाला तोंडात घास घालते. उपवासाचं मला काही वाटत नाही, आयुष्यभर केले आहेत. पण उपवास आपण ठरवून करावा, जिप्सीने करायला लावू नये. त्यावर उपाय म्हणून खाकरे, दशम्या, चिवडा असे डबे मी आणि जावेने आदल्या दिवशी घरी बसून भरले. सहलीच्या आदल्या दिवशी किती तास ओट्याशी उभं राहावं लागलं, हे सहलीच्या खर्चात कोणीच धरत नाही.

आता वाघाबद्दल. दिसला. खोटं कशाला बोलू, पहिल्याच संध्याकाळी एक वाघीण दिसली आणि माझ्या अंगावर काटा आला. ती पाण्यातून उठली, शांतपणे रस्ता ओलांडला आणि बांबूत गेली. मिनिटभराचा खेळ. तेवढ्यात मागून-पुढून दहा-बारा गाड्या. एकमेकांना हातवारे, 'मागे घ्या, पुढे घ्या', कॅमेऱ्यांची खटखट. मोबाईल आत नेता येत नाहीत, हे एक बरं. मला तिच्या तोंडाकडे बघून वाटलं, ही घरी आहे आणि आपण तिच्या अंगणात बारा गाड्या घालून उभे आहोत. पण तेव्हा मी काही बोलले नाही, मलाही बघायचंच होतं.

दुसऱ्या दिवशी पहाटे साडेचार तास फिरलो. वाघ नाही. त्या साडेचार तासांत आम्ही काय काय पाहिलं ते ऐका. चितळांचे कळप, गवे, मोर, एक अस्वल, तळ्याकाठी मगर, मोहाला फुटलेली तांबूस नवी पालवी. गाडी कशासाठीच थांबेना. गाइडची मुलगी, गावातलीच, चांगली हुशार. ती झाडांची नावं सांगायला लागली, तर मागून आवाज, "ताई, ते राहू द्या, वाघाचा कॉल कुठून येतोय ते बघा." परत आलो तर रिसॉर्टच्या दारात उभ्या माणसाचा पहिला प्रश्न, "वाघ दिसला का?" घरून फोन, "वाघ दिसला का?" नाही म्हटलं की समोरच्याचा चेहरा असा, की जणू परीक्षेत नापास झालो.

शनिवारी दुपारी मी सांगितलं, मी आता येत नाही. तुम्ही जा.

अहो, काय गहजब! दीर म्हणाले, "वहिनी, पैसे भरलेत." जाऊ म्हणाली, "ताई, तुमची सीट रिकामी जाईल." आमच्या घरचे म्हणाले, "कर तुला हवं ते," म्हणजे काय ते तुम्हाला कळलंच. आता पैशाचंच म्हणाल तर आम्हाला कॉलेजात पहिल्या वर्षीच शिकवलं होतं, की जो खर्च होऊन गेला, तो परत येत नाही, त्याच्याकडे बघून पुढचा निर्णय घ्यायचा नसतो. सीटचे पैसे गेले ते गेले. आता त्यापायी माझी दुपार का घालवू? पण हे गणित बाजारात चालतं, घरात चालत नाही. घरात विरस केल्याचा ठपका बसतो.

ते गेले आणि मी व्हरांड्यात बसले. मेची दुपार, ऊन रणरणतं. कडुलिंबाखाली कोणीतरी पक्ष्यांसाठी मातीचं पसरट भांडं भरून ठेवलं होतं. तासभर मी फक्त त्या भांड्याकडे बघत होते. बुलबुल, साळुंक्या, एक कोतवाल. मग लांब पांढऱ्या शेपटीचा तो देखणा स्वर्गीय नर्तक आला, दोनदा पाण्यात सूर मारला आणि गेला. पस्तीस वर्षं ताडोब्याला जाते आहे, हा मला कधी दिसला नव्हता, कारण मी कधी बसलेच नव्हते.

झाडलोट करणारी बाई काम आटपून पायरीवर टेकली. शेजारच्या गावातली. मी विचारलं, घरी कोण कोण? सासू आणि नणंद तेंदूपत्त्याला गेल्या आहेत, म्हणाली. पहाटे अंधारात निघायचं, पानं तोडून आणायची, घरी बसून सत्तर पानांचं एक अशी पुडकी बांधायची आणि संध्याकाळी फळीवर नेऊन मोजून द्यायची. शेकड्यावर पैसे. हंगाम मोजून दोन-तीन आठवड्यांचा, पण त्यात पावसाळ्याची बी-बियाण्यांची सोय होते. गडचिरोलीकडे तर आता कित्येक ग्रामसभा स्वतःच तेंदूपत्त्याचा लिलाव करतात, इतका तो पैसा मोठा. मी सवयीने विचारून बसले, "तुम्हाला कधी वाघ दिसला का?" ती माझ्याकडे बघतच राहिली. म्हणाली, "आमाले वाघ दिसू नये मनून आमी हात जोडून निंगतो बाई, अन् तुमी पैसे देऊन पाह्यले येता."

ती हसत बोलली. मला हसू आलं नाही.

ते १० मे २०२५ होतं. तारीख लक्षात राहण्याचं कारण, त्या आठवड्यात सगळे टीव्हीला चिकटलेले होते, सीमेवरच्या बातम्या, आणि त्याच संध्याकाळी युद्धविराम जाहीर झाला. त्या गडबडीत एक बातमी खाली गेली. सिंदेवाही तालुक्यात, म्हणजे आम्ही बसलो होतो त्या जंगलाच्या पलीकडच्या अंगाला, तेंदूपत्ता तोडायला गेलेल्या तीन बायका त्या दिवशी वाघाच्या हल्ल्यात गेल्या. एकाच दिवशी तिघी. त्यानंतरही जिल्ह्यातून अशा बातम्या येतच राहिल्या. आमची मंडळी सफारीवरून परत आली ती नाचतच, वाघीण आणि बछडे दिसले होते. एका फोनवर ग्रुपचा जल्लोष, त्याच फोनवर ती बातमी. मी ती वाचून दाखवली. सगळे क्षणभर गप्प झाले. मग कोणीतरी म्हणालं, "अरेरे," आणि जेवायला काय आहे ते विचारलं.

मी वाघाच्या विरुद्ध नाही. तो त्याच्या घरी आहे, त्याला दुसरा धंदा नाही. त्या बायकाही शौकाने गेल्या नव्हत्या. त्या जंगलात हौसेने हिंडणारे फक्त आपण. ताडोबा हे नावच मुळी ज्या तारूचं, तो गोंडांचा पुढारी वाघाशी झुंजताना गेला अशी कथा आहे. तळ्याकाठी त्याचं ठाणं आहे, पौषात लोक तिथे यायचे. म्हणजे जिथे वाघाच्या तोंडी गेलेल्या माणसाला देव मानलं, त्याच काठावर आपण जिप्सीच्या सीटवर उभे राहून 'बॅड लक, आज काहीच नाही' म्हणतो. काहीच नाही? अस्वल, मगर, गवे, हे सगळं 'काहीच नाही'?

आपल्या शास्त्रात श्रावकाच्या व्रतांत एक अनर्थदंडाचं व्रत आहे. पाठशाळेतल्या मुलांनाही नाव माहीत असतं, अर्थ मात्र आपण कधी नीट लावत नाही. काही प्रयोजन नसताना केलेली हिंसा, तो अनर्थदंड. समंतभद्राचार्यांनी रत्नकरंड श्रावकाचारात त्याचे पाच प्रकार सांगितले आहेत, त्यांतला एक प्रमादचर्या. उगाच माती उकरणं, उगाच पाणी सांडणं, उगाच झाड तोडणं आपल्याला लगेच कळतं, आम्ही मुलांना त्यावरून ओरडतोही. पण त्याच यादीत उगाच हिंडणं आहे, आणि दुसऱ्याला हिंडवणंही आहे. घरी मुंगी पायाखाली येऊ नये म्हणून खाली बघून चालणारी बाई दोन दिवसांत चार वेळा जिप्सीतून धूळ उडवत रानभर फिरते, एका प्राण्याला रस्ता सोडायला लावते आणि त्याला आराम म्हणते. माझ्याबद्दलच बोलते आहे.

यावर माझी एक मैत्रीण म्हणाली, मग तुझं ते व्हरांड्यात बसणं हाही प्रमादच की! बरोबर विचारलं. मी दोन दिवस विचार केला. बसून मी कुढत असते, दुसऱ्यांच्या उखाळ्यापाखाळ्या काढत असते, फोनवर बोटं फिरवत असते, तर तो प्रमादच. पण याच ग्रंथात देशावकाशिक सांगितलं आहे. ठरलेल्या काळापुरती आपल्या जाण्या-येण्याला सीमा घालायची. सीमेच्या खुणा कोणत्या, तर घर, गाव, शेत, नदी, वन. मला हे वाचून भाचा आठवला. त्याच्या बेटाभोवती सीमा समुद्राने घातली होती, म्हणून त्याला आठ दिवस स्वस्थता मिळाली. आपल्याला सीमा स्वतः घालावी लागते, आणि ती घालायला विमानाचं तिकीट लागत नाही. आमच्या आजेसासूबाई भद्रावतीला जात. स्वप्नदेव केसरिया पार्श्वनाथांच्या धर्मशाळेत आठ दिवस राहत. पूजा, भोजनशाळेत जेवण, दुपारी ओसरीवर वाती वळत बसणं. फाटकाबाहेर पाऊल नाही. परत आल्या की पुढचं वर्षभर कोणावर चिडत नसत. त्या कधी 'काय पाहिलं' ते सांगत नसत आणि त्यांना कोणी विचारतही नसे.

आता गावच्या रोजगाराचा मुद्दा, जो माझे दीर हमखास काढतात. वहिनी, तुमच्यासारखं सगळे बसून राहिले तर गाइडने खायचं काय? मुद्दा खरा आहे. मोहर्ली-कोलाऱ्यासारख्या गावांत घरोघरी कोणीतरी गाइड आहे, चालक आहे, बायकाही या कामात आल्या आहेत, हे पर्यटनामुळेच झालं. ते बंद करा असं मी म्हणत नाही. पण दोन रात्रींत चार सफारी करण्याऐवजी चार रात्रींत एक सफारी केली, बाकी दिवस त्याच गाइडच्या मुलीला सोबत घेऊन गावाकडेने पायी हिंडलो, गावातल्या बाईच्या हातचं जेवलो, तर गावात पैसे कमी पडतात की जास्त? माझ्या वहीत त्या सहलीचा पूर्ण खर्च लिहिलेला आहे. त्या झाडणाऱ्या बाईच्या हातात त्यातले किती गेले असतील, ते काढायला बी.कॉम. लागत नाही.

आणि घाईची किंमतही शेवटी याच लोकांना द्यावी लागते. ३१ डिसेंबर २०२४ ला उमरेड-पवनी-कऱ्हांडला अभयारण्यात गोठणगावजवळ एक वाघीण आणि तिचे पाच बछडे दोन्ही बाजूंच्या गाड्यांमध्ये अडकले. तो व्हिडिओ सगळ्यांनी पाहिला असेल. उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने आपणहून दखल घेतली. कारवाई झाली चालकांवर आणि गाइडवर, त्यांचं काम थांबलं. चुकलं त्यांचं, मान्य. पण गाडीत मागे बसून 'भाऊ, अजून थोडं पुढे घ्या, मुलांना दिसत नाही' हे कोण म्हणतं? वरून शंभर-दोनशेची नोट कोण काढतं? आम्ही त्या दोन सफारींत तसंच केलं. नोट माझ्याच पर्समधली होती.

त्या सहलीनंतर घरात थोडे दिवस तणतण राहिली. जाऊ माझ्याशी महिनाभर कामापुरतं बोलली. तिचं म्हणणं असं, की वर्षातून दोनच दिवस तिला घराबाहेर मिळतात, त्यातही मी नाक मुरडलं. हे मला लागलं, कारण ते खरं होतं. तिचे दोन दिवस तिलाही चारला उठूनच घालवावे लागले, हे मात्र तिला पटवता आलं नाही. डबे आम्ही दोघींनी भरले, डबे आम्ही दोघींनी घासले. परतल्यावर धुळीचे अकरा जणांचे कपडे कोणी धुतले, ते सांगायला नको.

यंदा मी दिरांना सरळ सांगून टाकलं. तुमची जिप्सी तुम्ही करा, चार करा, आठ करा. आम्ही दोघी जावा सोमवारी मोहर्लीला जाऊन गुरुवारी परत येऊ. डबे भरणार नाही. जेवण गावातल्या बाईकडे सांगायचं, सूर्य असेपर्यंत. इरई धरणाच्या पाण्याकडे संध्याकाळी चालत जायचं आणि उजेड असेतो परतायचं. सफारी केलीच तर एक, बुधवारी, आणि गाइडची मुलगी जिथे म्हणेल तिथे गाडी थांबवायची.

जावेने ऐकून घेतलं. म्हणाली, "पण ताई, मंगळवारी तर कोर बंद असतो."

म्हटलं, हो, म्हणूनच सोमवारी जायचं. मंगळवारी सकाळी त्या रस्त्यावर गाड्या नसतील.

तिने अजून हो म्हटलेलं नाही. काल मात्र फोन करून विचारत होती, तिकडे रात्री डास फार असतात का.